वजनावर नको, नगावर विका

माझ्या घरात दाराशेजारच्या भिंतीवर एक पाटी आहे. दीड फूट रुंद, फूटभर उंच, पांढऱ्यावर निळी अक्षरं. वर इंग्रजी, मध्ये मराठी, खाली गुजराती. मराठी ओळ अशी : ‘उतारूंनीं रूळ ओलांडूं नयेत.’ पहिल्यांदा घरी येणारा माणूस ती वाचून हमखास हसतो. ‘उतारू’ला हसतो, अनुस्वारांना हसतो, मग विचारतो, “कुठल्या स्टेशनवरची?” आणि तिथे माझी पंचाईत होते.

मला माहीत नाही. चोर बाजारात मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानात ती भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्यावर फुटक्या काचेचा कंदील लटकत होता आणि पुढ्यात शिवणयंत्राचं चाक पडलं होतं. घासाघीस करून साडेचार हजारांना घेतली. पैसे देताना विचारलं, ही आली कुठून? “रेलवे का माल है साब. लॉट में आया.” कुठल्या स्टेशनचा? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बटाटे घेताना शेताचा सर्व्हे नंबर विचारतोय.

घरी आणून पालथी केली. मागे पिवळ्या ऑइल पेंटने ‘१७’ लिहिलंय. लॉटमधला सतरावा नग असेल, नाहीतर आणखी काही. या पाटीच्या आयुष्याची कागदावर, पत्र्यावर, कुठेही असलेली नोंद एवढीच. तीन लिपी आहेत पण हिंदीची ओळ नाही, म्हणून मुंबई इलाख्यातली. अनुस्वार आहेत, म्हणून बरीच जुनी. बाकी अंदाज.

सार्वजनिक वाहतुकीतल्या जुन्या पाट्या, बिल्ले, कंदील, तिकिटाला भोक पाडायचे पंच, पुठ्ठ्याची तिकिटं जमवणाऱ्या आमच्यासारख्यांवर दोन आरोप असतात. एक, आम्ही भंगारावर पैसे उडवतो. दुसरा, आम्ही सरकारी माल घरात दडवून बसलोय. जे लोकांच्या पैशाने बनलं ते लोकांचं, ते एकाच्या दिवाणखान्यात का? पहिला आरोप मी लढवत नाही, तो आमच्या घरात केव्हाच सिद्ध झालेला आहे. दुसऱ्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्यात अर्धं तथ्य आहे आणि अर्ध्या तथ्यामुळेच उत्तर चुकीच्या दिशेला शोधलं जातं. माझं म्हणणं सरळ आहे. रेल्वेने, एसटीने, बेस्टने आणि शहरोशहरीच्या परिवहन खात्यांनी या वस्तू जरूर विकाव्यात. पण किलोच्या भावाने विकू नयेत. नगावर विकाव्यात, नोंद करून, पावती देऊन. आणि विकण्याआधी एकेक नमुना स्वतःकडे ठेवावा.

आधी ही पाटी म्हणजे वस्तू काय आहे ते सांगतो, कारण फोटोत ती नुसती रंगवलेली दिसते. इनॅमलच्या पाटीवर रंग नसतो, काच असते. लोखंडी पत्र्यावर काचेच्या भुकटीचा लेप द्यायचा आणि आठशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या भट्टीत घालायचा. काच वितळून पत्र्याला धरते. पहिला थर काळपट, लोखंडाला चिकटण्यासाठी. त्यावर पांढरा. मग निळ्या भुकटीचा लेप, वर स्टेन्सिल ठेवून नको तिथली भुकटी झाडायची, आणि पुन्हा भट्टी. जितके रंग तितक्या फेऱ्या. म्हणून खऱ्या पाटीवरून नख फिरवलं तर अक्षराच्या कडेला बारीकशी पायरी लागते. ऊन, पाऊस, इंजिनाचा धूर यांनी तिचं फारसं काही बिघडत नाही. साठ-सत्तर वर्षांनी ओल्या फडक्याने पुसली की निळा रंग कालचा वाटतो. तिला मारतो तो स्क्रू. बसवणाऱ्याने जरा जास्त आवळला की भोकाभोवती काच उडते, काळा पत्रा उघडा पडतो आणि तिथून गंज आत शिरतो. माझ्या पाटीच्या चार भोकांपैकी तीन अशी आहेत. चौथं धड आहे. त्या दिवशी चौथ्या स्क्रूपाशी कामगार दमला असावा.

हे तपशील मी शिकलो ते फसल्यावर. एका दुकानातून मी ‘जी. आय. पी. रेल्वे : येथे थुंकू नये’ अशी पाटी घेतली होती. कडेला छान गंज, मधे दोन टवके. घरी आणून महिनाभर कौतुक केलं. मग एका संध्याकाळी चहा पिता पिता तिच्याकडे बघत बसलो आणि पोटात गोळा आला. जी. आय. पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी संपली, तिची मध्य रेल्वे झाली. अनुच्चारित अनुस्वार आपण अधिकृतपणे टाकले ते १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी. जी. आय. पी.च्या काळातला माणूस ‘येथें थुंकूं नये’ असं लिहिणार. शिवाय ‘रेल्वे’तला ल पाकळीचा नव्हता, सरळ दांडीचा होता, कॉम्प्युटरवरच्या हिंदी फॉन्टातून उचललेला. नख फिरवलं, पायरी नव्हतीच. साध्या पत्र्यावरची छपाई, वर मिठाच्या पाण्याने आणलेला गंज. बनवणाऱ्याला रेल्वेचा इतिहास माहीत होता, मराठीचा नव्हता. ती पाटी आता गॅलरीत कुंडीखाली असते.

मी फसलो याचं कारण माझा भोळेपणा, हे खरंच. पण खोटा माल खपतो कारण खऱ्या मालाबरोबरही कागद येत नाही. दोघंही दुकानात सारखेच अनाथ.

खरा माल तिथवर पोहोचतो कसा? स्टेशनची दुरुस्ती निघते, रूळ रुंद होतात, डेपो हलतो. काढलेलं लोखंड एका कोपऱ्यात पडतं. त्यात तुटके पाइप असतात, पत्रे असतात, बाकांचे बिडाचे पाय असतात, आणि पाट्याही असतात. त्या सगळ्याचं एकच नाव, भंगार. रेल्वेला भंगारातून दरवर्षी काही हजार कोटी रुपये मिळतात आणि त्यात गैर काही नाही, रूळ आणि डबे वितळवायलाच हवेत. लिलावात तो ढीग टनावर जातो. घेणारा ठेकेदार तो तसाच भट्टीकडे पाठवतो. मात्र त्याच्या गोदामात एखादा चाणाक्ष पोऱ्या असतो. त्याला माहीत असतं की ही एक पाटी बाजूला काढली तर ढिगातल्या शंभर किलोंपेक्षा जास्त मिळतील. ती बाजूला निघते, दोन हात बदलते आणि मटन स्ट्रीटला येते. तिथून माझ्या भिंतीवर, किंवा हल्ली जास्त करून वांद्र्याच्या नाहीतर कोरेगाव पार्कातल्या एखाद्या कॅफेत, जिथे ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी पुरुषांच्या मुतारीवर गंमत म्हणून लावलेली असते.

पोऱ्याने वाचवली म्हणून ती वाचली. त्याला मी चोर म्हणणार नाही, ढीग त्याच्या मालकाने पैसे मोजून घेतलेला होता. पण या प्रवासात रेल्वेला मिळाला लोखंडाचा भाव, आणि पाटी कुठली, कधीची, कशाशेजारी होती, हे पहिल्या टप्प्यालाच पुसलं गेलं.

अधिकाऱ्यांना याची अक्कल नाही असं म्हणायचा मोह होतो, पण मी तसं मानत नाही. त्यांची अडचण वेगळी आहे. समजा एका स्टेशन मास्तरने काढून ठेवलेली जुनी घंटा गावच्या शाळेला देऊन टाकली. उद्या कुणी तक्रार केली तर चौकशी त्याची. कुणाच्या परवानगीने दिली, किंमत कुणी ठरवली? तीच घंटा टनभर लोखंडात मिसळून लिलावात गेली तर कागद स्वच्छ. ऑडिटला वजन कळतं, कारण वजनाला काटा आहे. ‘ही वस्तू जपण्यासारखी आहे’ याला काटा नाही आणि फॉर्मवर रकानाही नाही. म्हणून शहाणा अधिकारी हात लावत नाही. ही माणसाची चूक नसून रकान्याची आहे, आणि रकाना वाढवणं अवघड नसतं.

कायद्याकडे बघावं तर तिथे वेगळीच मजा. १९७२चा पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षं पूर्ण झालेल्या वस्तूला पुरावस्तू मानतो. म्हणजे १९४० साली बसवलेली पाटी २०४० पर्यंत कायद्याच्या दृष्टीने नुसता पत्रा. दुसऱ्या बाजूला रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबाबतचा १९६६चा कायदा. रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली आणि ती चोरीची असल्याचा रास्त संशय आला, तर ती आपल्याकडे रीतसर आली हे तुम्ही सिद्ध करायचं. नाहीतर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रुळाच्या चाव्या आणि तांब्याच्या तारा चोरणाऱ्यांसाठी हा कायदा आहे आणि तो असायलाच हवा. पण मटन स्ट्रीटवरून आणलेल्या पाटीची पावती मी कुठून आणू? दुकानदाराने दिलेल्या चिठोऱ्यावर ‘१ ओल्ड बोर्ड’ असं लिहिलंय. प्रामाणिक संग्राहक आणि चोर यांच्यात कायद्याला दिसेल असा फरक एका कागदाचा आहे, आणि तो कागद देणारी खिडकीच अस्तित्वात नाही.

एवढी घाई कशाची, असं कुणी विचारेल. पाट्या काय आज निघायला लागल्या? नाही, पण इतक्या एकदम कधी निघत नव्हत्या. अमृत भारत योजनेत ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच दिवशी देशातल्या ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, त्यातली ४४ महाराष्ट्रातली. स्थानकं नवी व्हायला हवीत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सरकता जिना हवाच. पण जुनी इमारत पाडताना किंवा सोलताना आत जे काही आहे ते त्याच महिन्यात बाहेर पडतं. बसचंही तेच. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षं झालेली सरकारी वाहनं मोडीत काढायचा नियम आला, त्यात परिवहन महामंडळांच्या गाड्याही आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टची शेवटची जुनी डबल डेकर अंधेरीत धावली. लोकांनी फुलं बांधली, सेल्फी काढले, काही जण रडलेही. त्या आधीच्या वर्षांत तिच्या भावंडांचे पत्रे, पाट्या, घंटीच्या दोऱ्या कुठे गेल्या, याची चौकशी करायला मात्र कुणी हार घेऊन आलं नव्हतं.

नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या गाड्यांचं, तर होऊनच गेलं. १८९७मध्ये बार्शी टाउन ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, अशी सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे मिरज आणि लातूरपर्यंत पसरली. आज त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे आणि चांगली गोष्ट आहे. पण शंभर वर्षं चाललेल्या त्या मार्गावर लहान लहान ठाणी होती. प्रत्येकात घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, कंदील, तिकिटावर तारीख उठवणारं यंत्र, एकेरी मार्गावर गाडीला पुढे जायची परवानगी म्हणून द्यायचे टोकनचे गोळे. त्यातलं किती कुणाकडे आहे? विदर्भातल्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीची तीच कथा. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूरच्या लोकांना त्या गाडीबद्दल बोलायला लावा, तास जातो. वस्तू दाखवा म्हटलं की हात पुढे येत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं : म्युझियम करा. म्युझियम हवंच, मी विरोधात नाही. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं आहे, दिल्लीत १९७७पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, बेस्टचं आणिक डेपोत आहे. आणिकला तुम्ही गेला नसाल तर जरूर जा. जुन्या तिकिटांपासून पंचापर्यंत बरंच काही तिथे आहे, आणि ते जमवलं ते खात्यातल्याच हौशी माणसांनी. पण एक बघा. मुंबईत ट्राम १८७४ ते १९६४ अशी नव्वद वर्षं धावली. ३१ मार्च १९६४च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर भाटिया बागेत ट्रामचा जो डबा मांडलाय तो कोलकात्याहून आणलेला आहे. नव्वद वर्षांच्या सोबतीची आठवण म्हणून आपण शेजाऱ्याच्या आजोबांचा फोटो लावलाय.

म्युझियमच्या बाजूने बोलणारे लोक एक गोष्ट विसरतात. संग्रहालयाला ‘रूळ ओलांडूं नयेत’च्या एक-दोन पाट्या हव्या असतात, दोनशे नव्हे. उरलेल्या एकशे अठ्ठ्याण्णवांचं काय? त्यांना गोदामात ठेवलं तर त्या गोदामात मरतात, आणि आपल्याकडच्या सरकारी गोदामाचं छत पावसाळ्यात कसं असतं ते वेगळं सांगायला नको. त्या लोकांच्या घरी, शाळांत, वाचनालयांत जगतील. अट एकच, प्रत्येकीच्या गळ्यात तिच्या गावाचं नाव हवं.

ब्रिटनमध्ये हे काही प्रमाणात झालं, आणि तेही शहाणपणातून कमी, नाइलाजातून जास्त. तोट्यातले मार्ग बंद करा असं सांगणाऱ्या १९६३च्या बीचिंग अहवालानंतर तिथे दोन हजारांहून जास्त स्थानकं बंद करायचं घाटत होतं. पाट्यांचे ढीग निघाले. लोक मागायला येऊ लागले. शेवटी ब्रिटिश रेलने स्वतःच लंडनच्या यूस्टन स्थानकाजवळ ‘कलेक्टर्स कॉर्नर’ नावाचं दुकान चालवलं, पाट्या, दिवे, घड्याळं विकायचं. तिथल्या स्थानकांच्या लांबट, दोन्हीकडे गोलाई असलेल्या नावाच्या पाट्यांना ‘टोटेम’ म्हणतात. दक्षिण विभागाची हिरवी, पश्चिमेची तपकिरी, स्कॉटलंडची फिकट निळी. रंगावरून विभाग कळतो आणि पाटीवरच गावाचं नाव, त्यामुळे ओळख आपोआप टिकली. आज एखादी दुर्मीळ टोटेम लिलावात हजारो पौंडांना जाते. लंडनच्या वाहतूक संग्रहालयाने तर मोडीत निघालेल्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या डब्यांतल्या सामान ठेवायच्या फळ्याही दुकानात विकायला ठेवल्या. लोकांनी त्या घेऊन स्वयंपाकघरात लावल्या. भंगाराच्या भावाने त्यांचं काय आलं असतं?

तिथलं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. हजारो पौंडांच्या बाजारात शाळामास्तर संग्राहक राहत नाही, गुंतवणूकदार येतो. माझा सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. भाव वाढला की चोरी वाढते. उद्या खात्याने पाट्या नगावर विकायला काढल्या आणि एकीला वीस हजार आले, तर चालू स्टेशनवरची पाटी रात्री स्क्रू ड्रायव्हरने निघणार नाही कशावरून? निघेल, काही ठिकाणी. पण विचार करा, आज तिला बाजार नाही का? आहे. तो फक्त अंधारात आहे, आणि अंधारातल्या बाजारात पावतीची पाटी आणि चोरीची पाटी एकाच भावाने जाते. उद्या पावती असलेल्या पाटीलाच भाव मिळायला लागला तर बिनपावतीची घ्यायला माझ्यासारखा माणूस दहा वेळा विचार करेल. चोरी थांबणार नाही, तिचा नफा कमी होईल. त्याहून मोठा दावा मी करत नाही.

श्रीमंतांनीच सगळं नेऊ नये म्हणून तोडगा आहे. पहिला हक्क गावाचा. स्टेशनचं नाव असलेली वस्तू त्या गावच्या शाळेला, सार्वजनिक वाचनालयाला, ग्रामपंचायतीला आधी विचारायची, नाममात्र किमतीत. महिनाभर वाट बघायची. नंतर खात्यातल्या निवृत्त माणसांना. त्यानंतर उरलेलं आमच्यासारख्यांना, बोली लावून.

निवृत्तांचं मी मुद्दाम म्हणतोय. आमच्या शेजारी एक काका राहायचे, एसटीत कंडक्टर म्हणून तेहेतीस वर्षं काढलेली. रातराणीच्या ड्युट्या, घाटातली बंद पडलेली गाडी, यात्रेच्या जादा बसेस, सगळं झालेलं. त्यांच्या वेळी तिकिटांचा ॲल्युमिनियमचा ट्रे आणि हातात पंच असायचा. गर्दीत हात वर करून ते पंच टिकटिकवायचे की माणसं आपोआप सुट्टे काढायची. बोलताना निवृत्तीनंतरही त्यांचा अंगठा आणि तर्जनी मिटायची-उघडायची, हातात काही नसताना. तिकिटाचं मशीन आलं तेव्हा पंच जमा करायला सांगितला. काकांनी विचारलं, “पैसे घ्या, पण हा मला द्या.” उत्तर आलं, तशी तरतूद नाही. त्यांनी दोन-तीनदा विचारलं, मग सोडून दिलं. काका गेले तेव्हा मुलाने त्यांचा पितळी बिल्ला फोटोपुढे ठेवला होता. पंच कुठल्या ढिगात वितळला कुणास ठाऊक. पुढे एका प्रदर्शनात तसाच एक पंच मी बाराशे रुपयांना पाहिला. बरेच लोक हातात घेऊन टिकटिकवून बघत होते. मी घेतला नाही. घेऊन काय सांगणार होतो, हा काकांचा आहे म्हणून?

एसटीच्या पाट्यांबद्दल थोडं. त्या इनॅमलच्या नव्हेत, रंगवलेल्या. काचेमागे अडकवायची ती ‘स्वारगेट - महाबळेश्वर’ किंवा ‘जादा बस’ अशी पाटी कुठल्याशा डेपोतल्या पेंटरने ब्रशने लिहिलेली असायची. १९४८मध्ये पुणे-नगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून एलईडी बोर्ड येईपर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक खेडुतांनी अक्षर म्हणून रोज जे पाहिलं ते या पेंटरांचं. कुणाचा ‘ण’ पोट सुटलेला, कुणाचा ‘क’ ऐटीत मागे रेललेला. वळणावरून डेपो ओळखणारे ड्रायव्हर असायचे, निदान तसा दावा करणारे तरी नक्की. या पाट्यांना काचेचं कवच नाही. रंगाचे पोपडे उडतात आणि पाचव्या पावसाळ्यात ‘महाबळेश्वर’चं नुसतं ‘बळे’ उरतं. इनॅमल वाट बघू शकतं, या बघू शकत नाहीत. नोंदीची सुरुवात यांच्यापासून व्हावी असं मला वाटतं, जरी बाजारात त्यांना इनॅमलच्या निम्मासुद्धा भाव नाही.

आणखी एका प्रकारच्या पाट्यांचा विषय काढला की मंडळी अस्वस्थ होतात. इंग्रजांच्या काळात स्टेशनांवर हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं असायचं, उपाहारगृहंही वेगळी. १९७४पर्यंत रेल्वेत तिसरा वर्ग होता आणि त्याच्या प्रतीक्षालयावर तसं लिहिलेलं असायचं. अशी पाटी ढिगात निघाली तर करायचं काय? एका परिचितांनी मला सांगितलं, असलं वितळलेलंच बरं. मला उलट वाटतं. ‘उतारू’वर हसणाऱ्या माझ्या पाहुण्यांना त्या पाण्याच्या पाटीसमोर उभं करायला हवं. या पाट्या मात्र खासगी घरात जाऊ नयेत, कॅफेत तर मुळीच नकोत. तिथे त्यांची गंमत होईल. त्या संग्रहालयातच, शेजारी नीट माहिती लिहून. म्हणजे मीसुद्धा सगळं विकायच्या बाजूचा नाही.

हे सगळं करायला नवं खातं, समिती, लोगो काही लागत नाही. काढलेला माल भंगाराच्या यादीत चढवण्याआधी एक पान. वस्तू काय, कुठल्या ठाण्यावरून किंवा डेपोतून, कुठल्या भिंतीवरून किंवा गाडीतून, कुठल्या तारखेला काढली, काढणाऱ्याचं नाव, आणि मोबाइलवर दोन फोटो : एक जागेवर असताना, एक काढल्यावर. पाटीच्या मागे न पुसणारा क्रमांक. विकताना त्या पानाची प्रत पावतीला जोडायची. जागेवरचा फोटो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बाकी सगळं नंतर कुणाला तरी आठवू शकतं. पाटी नळाशेजारी होती की तिकीट खिडकीवर, हे एकदा स्क्रू निघाले की संपतं. आलेला पैसा कर्मचाऱ्यांच्या कल्याण निधीत टाकावा, म्हणजे स्क्रू काढणाऱ्यालाही पत्रा न वाकवता काढण्यात थोडा रस राहील.

मध्यंतरी आमच्या बाजूच्या एका स्टेशनात काम सुरू झालं. जिन्याखाली, जिथे पूर्वी पार्सल ऑफिस होतं, तिथे निळी पाटी होती. मी कॉलेजात असल्यापासून ती बघत आलोय. एका सोमवारी गेलो तर नव्हती. मुकादमाला विचारलं, कुठे ठेवली? तो भला माणूस होता, हातातलं काम थांबवून बोलला. “ठेकेदाराला विचारा साहेब, आम्ही काढून त्या बाजूला टाकतो, पुढचं त्यांचं.” त्या बाजूला वाकलेले पत्रे आणि सिमेंटची पोती होती. ठेकेदाराचा नंबर लागला नाही. मी भिंतीचा फोटो काढून ठेवला. चार भोकं, आणि त्यांच्यामध्ये दीड फुटाचा चौकोन, बाकीच्या भिंतीहून दोन छटा उजळ. पुढच्या सोमवारी तिथे टाइल्स बसल्या होत्या.